अतिमंगलित पालाश

रत्नागिरीच्या एका हायस्कुलात आत्माराम मुळ्ये एकोणीस वर्षं रसायनशास्त्र शिकवत होते, आणि त्या एकोणीस वर्षांत त्यांच्या वर्गात एकही स्फोट झाला नव्हता. जो झाला तो उन्हाळ्याच्या सुटीत झाला, आणि तोही एका शब्दाचा.

एकतीस सालच्या वैशाखात संगमेश्वराकडे पटकीची साथ सुरू झाल्याची बातमी आली. विहिरी तळाला गेलेल्या, लग्नसराई जोरात, माणसांची ये-जा चालू. साथ रत्नागिरीत यायला वऱ्हाडाची एक बैलगाडी पुरेशी होती. तेव्हा गावातल्या आरोग्यरक्षक मंडळाने ठरवलं, की विहिरीत औषध टाकण्याबद्दल चार ओळींचं पत्रक छापून वाडीवाडीत वाटावं. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळत होतं. काम खरं म्हणजे चार ओळींचंच होतं.

पण मंडळाचे अध्यक्ष होते आप्पा वकील, आणि आप्पांचा त्या वर्षी परक्या शब्दांवर राग होता. गावात तेव्हा तसं वारंच होतं. चांगली चांगली माणसं बोलता बोलता थबकायची, तोंडात आलेला इंग्रजी शब्द गिळायची आणि मराठी शब्द शोधायची. समोरच्याला वाटायचं, ह्यांची दाढ दुखते. मंडळाच्या पहिल्या दोन बैठका मंडळाला 'कमिटी' म्हणायचं नाही हे ठरवण्यात गेल्या होत्या. पटकीचा विषय तिसरीत निघाला.

पाडव्याला आप्पांच्या ओटीवर कडुलिंबाचा पाला चावत अकरा जणांनी शपथ घेतली होती, की वर्षभर तोंडातून इंग्रजी शब्द काढायचा नाही. त्या अकरांत मुळ्ये मास्तर सगळ्यात कडक. त्यांनी टेस्टट्यूबची परीक्षानळी केली आणि कोटाचा अंगरखा केला. चहाचं काय करावं ह्या प्रश्नाने मात्र त्यांना चार दिवस छळलं. शेवटी चहा हा शब्द चीनचा आहे, इंग्रजांचा नव्हे, असा त्यांना शोध लागला आणि त्यांच्या पत्नी गोदूबाईंना सकाळी पुन्हा आधण ठेवता आलं.

"मुळ्ये, पत्रक तुम्ही लिहायचं," आप्पा म्हणाले. "फक्त औषधाचं नाव मराठी हवं."

"त्याला मराठी नाव नाही, आप्पा. ते पोटॅ..." मास्तर वेळेवर थांबले. "ते इंग्रजीच आहे."

"मग करा की. रसायन तुमचं, मराठी आपल्या सगळ्यांची."

आता हे औषध म्हणजे पोटॅशियम परमँगनेट. जांभळे चकचकीत खडे, चिमूटभर पाण्यात टाकले की पाणी गुलाबी होतं. मास्तर घरी आले, पाटावर बसले आणि त्यांनी त्या नावाची फोड केली. पोटॅश म्हणजे झाडांच्या राखेतला खार. वैद्य लोक पळसाचा खार काढतात. तेव्हा पोटॅशियमला पालाश. कानालाही जवळ, अर्थालाही जवळ. मँगनीजला मंगल. 'पर' म्हणजे अधिक, म्हणून अति. मँगनेटच्या शेपटीला 'इत' प्रत्यय. झालं. अतिमंगलित पालाश. मास्तरांनी तो शब्द तीनदा मोठ्याने म्हटला, आणि आपल्याला मुलगा झाला होता तेव्हासुद्धा इतकं समाधान वाटलं नव्हतं हे त्यांच्या लक्षात आलं. हे त्यांनी गोदूबाईंना सांगितलं नाही.

शेजारी संस्कृतचे शास्त्रीबुवा राहत. त्यांनी शब्द ऐकला, डोळे मिटले आणि 'मंगल'ला 'इत' लागतो की नाही ह्यावर तीन दिवस घेतले. चौथ्या दिवशी लागतो असं त्यांनी सांगितलं; पण 'अति' आधी लावला की नंतर, हे त्यांच्या मते अजून मोकळंच होतं.

गोदूबाई भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, जांभळी पूड म्हटलं तर नाही का चालायचं? मागे तुम्ही आणली होती तेव्हा आम्ही तेच म्हणत होतो."

"जगात जांभळ्या पुडी छप्पन आहेत," मास्तर म्हणाले. "नावातून पदार्थ कळला पाहिजे. त्यात काय काय आहे, किती आहे, सगळं."

"लोकांना ती विहिरीत टाकायची आहे ना, की तिची पत्रिका जुळवायची आहे?"

ह्यावर मास्तर उठून ओटीवर गेले. शास्त्राच्या माणसाने स्वयंपाकघरात वाद घालू नये असं त्यांचं मत होतं, आणि ते अनुभवाने झालेलं होतं.

पत्रक छापायला गेलं. मुद्रित मास्तरांनी स्वतः तपासलं, दोनदा. 'पालाश'मधला श तालव्यच आहे ना, हे त्यांनी भिंग लावून पाहिलं. 'वापरावयाची रीत' ह्यातली दीर्घ री पाहिली. पाचशे प्रती निघाल्या, आणि मंडळाच्या लोकांनी त्या दोन दिवसांत वाटल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी फणसवठारचा भागोजी मास्तरांच्या अंगणात येऊन उभा राहिला. फणसवठार ही खाडीच्या अंगाची वाडी, पंचवीस-तीस घरांची, आणि सगळ्यांना मिळून एक विहीर. भागोजी त्या वाडीचा मानकरी. त्याने ते पत्रक मेलेलं झुरळ धरावं तसं दोन बोटांत धरलं होतं.

"मास्तरानु," तो म्हणाला, "ह्ये तुमीच लिवलंव?"

"मीच. का?"

"आमी तुमचा काय वाईट केला?"

मास्तरांनी पत्रक घेतलं. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, 'प्रत्येक विहिरीत अमंगलित पालाश टाकावा.' 'ति' गेला होता. पाचशेच्या पाचशे प्रतींतून एक ऱ्हस्व ति नाहीसा झाला होता, आणि तालव्य श मात्र ऐटीत जागच्या जागी बसला होता.

"आमच्यातला शिकलेला पोर वाचून दाखवीत होता," भागोजी म्हणाला. "बाया रडाया लागल्या. म्हणतात, बामणांनी विहिरीत अमंगळ टाकायचा हुकूम काढला."

मास्तरांनी त्याला ओटीवर बसवलं, चहा दिला, छापखान्याची चूक म्हणून सांगितलं. मुद्रित आपणच तपासलं होतं हे मात्र सांगितलं नाही. तेवढी इभ्रत माणसाला लागते. भागोजी निरोप घेऊन गेला, पण जाताना त्याने पत्रक नेलं नाही.

आप्पांनी ताबडतोब शुद्धिपत्र काढलं. त्यात तीनच वाक्यं होती. 'मागील पत्रकात अमंगलित असे छापले गेले आहे. ते अतिमंगलित असे वाचावे. अतिमंगलित पालाश प्रत्येक विहिरीत निःशंकपणे टाकावा.' ह्या वेळी मास्तरांनी फक्त 'ति'च तपासला, अकरा वेळा. तो होता. ठसठशीत होता.

दोन दिवसांनी फणसवठारातून निरोप आला, की औषध टाकलं. निरोप घेऊन हौसा आली होती. हौसा भागोजीची थोरली बहीण, विधवा, साठीची, आणि वाडीत भागोजीला मान होता तो बराचसा हौसा त्याच्या मागे उभी असते म्हणून.

"टाकलं?" मास्तरांचा चेहरा उजळला. "किती टाकलं?"

"सात टोपल्या."

मास्तरांनी मनात हिशेब केला. सरकारी दवाखान्यात सात टोपल्या परमँगनेट असतं तर त्यात सगळा अरबी समुद्र गुलाबी झाला असता.

"टोपल्या? कसल्या टोपल्या?"

"पळसाच्या. तुमीच लिवलंव ना, अतिमंगळ पळस. भागोजी जाऊन खांद्याच्या खांद्या तोडून आला. हळदकुंकू लावला, नारळ फोडला, देवाला गाऱ्हाणा घातला नि सोडला विहिरीत. शेंडीचा नारळ बी टाकला. काय कमी पडाया नको."

मास्तर अंगरखा न घालताच निघाले. फणसवठारच्या विहिरीत डोकावून पाहिलं तर तळाचं हातभर पाणी दिसतच नव्हतं. वर पळसाच्या पानांचा हिरवा थर, त्यावर कुंकवाचे डाग आणि मधोमध एक नारळ शांतपणे तरंगत होता. बाया विहिरीच्या काठावर उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यांवर काम चोख केल्याचं समाधान होतं. ह्या लोकांनी मास्तरांचं पत्रक मनापासून पाळलं होतं. त्यांच्या पाचशे प्रतींतून जे एवढं मनापासून वाचलं गेलं, ते इथेच.

"हे... हे फार चांगलं केलंत," ते म्हणाले. "पण हे ते नव्हे."

"मग ता काय?" हौसाने विचारलं.

मास्तर सांगायला लागले. पालाश म्हणजे पळस नव्हे, पळसाच्या राखेत असतो तो खार, पण तोही नव्हे, त्या खाराशी मंगलाचा संयोग होऊन, आणि मंगल म्हणजे शुभ नव्हे, तो एक धातू आहे. ह्या ठिकाणी हौसाने हात वर करून त्यांना थांबवलं.

"मास्तर," ती हळू आवाजात म्हणाली, "भागोजीचा धाकटा भाव काल संगमेश्वराकडसून लग्नातसून आला. राती धरून त्याला जुलाब हायत, वांत्या हायत. घरात पाणी ह्याच विहिरीचा. ता खराचा औषध काय ता आणा. नाव मागसून सांगा."

मास्तरांनी डॉक्टरांना बोलवायला एकाला धाडलं, घराघरांत पाणी उकळायला सांगितलं, भागोजीला पळस बाहेर काढायला लावलं आणि स्वतः दवाखान्याकडे निघाले. वाटेत आप्पा भेटले. मास्तरांचा चेहरा बघून तेही बरोबर आले.

दवाखान्यात डॉक्टर फिरतीवर होते. खिडकीत काशीराम कंपाउंडर बसला होता. काशीराम माणूस सज्जन, पण त्याच्या हातात वही होती, आणि हातात वही असलेला सज्जन माणूस फार कठीण.

"फणसवठारच्या विहिरीसाठी अतिमंगलित पालाश द्या," मास्तर म्हणाले.

काशीरामने वही उघडली. बोट वरून खाली फिरवलं, खालून वर फिरवलं. "असं काही आमच्याकडे नाही."

"आहे. तुमच्या मागे फळीवर आहे. ती तपकिरी बरणी."

काशीरामने मागे न बघताच सांगितलं, "फळीवर बावीस तपकिरी बरण्या आहेत. ज्या नावाने मागाल ते नाव वहीत पाहिजे. परवा पण एक जण पत्रक घेऊन आला होता हेच मागत. मी वर लेखी विचारलंय. उत्तर आलं की कळवीन."

"डावीकडून सातवी."

"साहेब, सातवीत काय आहे ते मला नावाने लिहायचंय. बरणी सातवी असं लिहिलं तर उद्या माझी नोकरी जाईल. आणि सातवीत विष असलं तर माणसं जातील."

ह्यात चूक काही नव्हतं, आणि हेच मास्तरांना असह्य होत होतं. नाव बरोबर असल्याशिवाय पदार्थ द्यायचा नाही, हे एकोणीस वर्षं ते स्वतःच वर्गात शिकवत आले होते. बरणीवरची इंग्रजी चिठ्ठी त्यांना तिथून स्वच्छ दिसत होती. एक शब्द उच्चारला की काम झालं. पण शेजारी आप्पा उभे होते, आणि पाडव्याचा कडुलिंब अजून जिभेवर होता. अकरा जणांत सगळ्यात कडक कोण, तर मुळ्ये. गावभर माहीत होतं.

मास्तरांनी आप्पांकडे पाहिलं. आप्पा छताकडे बघत होते.

"काशीराम," मास्तर म्हणाले, "पोटॅशियम परमँगनेट."

नाव इतकं स्पष्ट आलं, की बाहेर झाडाखाली बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी मान वळवली. बाकी काही झालं नाही. आभाळ होतं तिथेच राहिलं.

"मग असं म्हणा की," काशीराम म्हणाला आणि उठून सातवी बरणी काढली. "किती?"

"एका विहिरीला पुरेल एवढं," मास्तर म्हणाले.

"त्याला फॉर्म भरावा लागेल. डॉक्टरांची सही..."

"अहो, फॉर्म मागून भरू," आप्पा एकदम खिडकीत वाकून म्हणाले. "केस सीरियस आहे. अर्जंट आहे हो काशीराम, प्लीज."

मास्तरांनी ते ऐकलं. आप्पांनीही आपण काय बोललो ते ऐकलं. दोघं पुडी घेऊन बाहेर पडले. त्या दिवसानंतर ह्या पाच शब्दांचा विषय दोघांनीही कधी काढला नाही, आणि त्यांची मैत्री पुढे बरीच वर्षं टिकली त्याचं एक कारण हे असावं.

फणसवठारात भागोजीने पळस आणि नारळ बाहेर काढून विहीर स्वच्छ केली होती. मास्तरांनी बादलीत पाणी घेतलं, त्यात खडे घातले, काठीने ढवळले. पाणी गडद जांभळं झालं. बाया मागे सरकल्या. मास्तरांनी ती बादली विहिरीत सोडली, हिंदकळवली, पुन्हा भरली, पुन्हा ओतली. एक शिंतोडा धोतरावर आला, चार हातांवर आले. हळूहळू खालचं पाणी गुलाबी झालं.

"आता हे असं राहू दे," ते म्हणाले. "उद्या ह्याच वेळेपर्यंत रंग जाईल. तोवर कोणी विहिरीला हात लावायचा नाही. रंग गेला की प्यायचं. तोवर घरात भरलेलं आहे तेच, आणि तेही उकळूनच."

"नि नाय गेला तर?" भागोजीने विचारलं.

"जाईल."

"नि ह्याचा नाव काय, खराचा?" हौसाने विचारलं.

मास्तरांनी तोंड उघडलं. एक नाव त्यांच्या जिभेच्या टोकावर होतं आणि दुसरं त्याच्या मागे रांगेत उभं होतं. दोन्ही त्यांना अचानक फार लांब वाटली.

"नाव राहू दे," ते म्हणाले. "पाणी बघ."

त्या दिवशी मास्तर घरी गेले तेव्हा त्यांचे हात कोपरापर्यंत तपकिरी झाले होते. गोदूबाईंनी लिंबू कापून दिलं. जांभळ्या पुडीचा विषय त्या काढू शकल्या असत्या. त्यांनी काढला नाही, ही गोष्ट मास्तर फार दिवस विसरले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते फणसवठारात गेले तेव्हा सगळी वाडी विहिरीभोवती जमली होती. पाणी स्वच्छ होतं, तळाचा कातळ दिसत होता. पण पोहरा सोडायला कोणी पुढे होईना. मास्तरांनी स्वतः पोहरा सोडला, ओंजळ भरली आणि सगळ्यांसमोर पाणी प्याले. मग हौसा प्याली. मग तिने भागोजीकडे पाहिलं, तेव्हा भागोजी प्याला. त्यानंतर रांग लागली.

भागोजीचा भाऊ पाच दिवस अंथरुणाला खिळून होता. डॉक्टर येऊन गेले, पेज-पाणी चाललं. सहाव्या दिवशी तो उठून भिंतीला टेकून बसला आणि सुक्या बांगड्याचं नाव काढलं, तेव्हा घरातल्या बायांनी डोळ्यांना पदर लावला. वाडीत दुसरं कोणी आजारी पडलं नाही. ते विहिरीमुळे, उकळण्यामुळे की हौसाच्या धाकामुळे, हे ठरवता आलं नाही. मास्तर स्वतः शास्त्राचे असल्यामुळे त्यांनी तसा दावा केला नाही.

पण बाकीच्या वाड्यांनी केला. पावसाच्या आत चौदा विहिरींवर मास्तरांना नेण्यात आलं. पत्रक कोणी वाचत नव्हतं. हौसा मात्र बाजारात मासे विकायला बसायची, आणि हौसाचं छापखान्यावाचून अडत नव्हतं.

दिवाळीच्या सुमारास मास्तर काही कामाने दवाखान्यात गेले तेव्हा खिडकीत एक बाई उभी होती. ती काशीरामला म्हणत होती, "आमच्या विहिरीत गायीचा पाडा पडून मेला. वायच मास्तर द्या."

काशीरामने सातवी बरणी काढली. बरणीवर इंग्रजी चिठ्ठीच्या खाली त्याने दुसरी चिठ्ठी चिकटवली होती आणि तीवर बोरूने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: मास्तर.

"काय करणार साहेब," मास्तरांना बघून तो ओशाळला. "सगळे तेच मागतात. मास्तरांची पूड, मास्तरांची पूड करत आता नुसतं मास्तर झालंय. मी वर लेखी कळवलंय. वहीत घेतलं."

मास्तर तिथून थेट आप्पांकडे गेले. झालेलं सगळं सांगितलं. आपण हसावं की रागवावं हे त्यांचं ठरलं नव्हतं. एकोणीस वर्षं रसायन शिकवलं आणि शेवटी आपणच एक संयुग झालो. शब्द आपण केला तो कोणी घेतला नाही, आणि जो घेतला तो आपण केला नाही.

आप्पांनी सुपारी कातरत ऐकून घेतलं. "शब्द बरा आहे," ते म्हणाले. "आटोपशीर. बायकांच्या तोंडी बसला म्हणजे पक्का. फक्त एक अडचण आहे, मुळ्ये."

"कोणती?"

"मास्तर हा शब्द इंग्रजी आहे."

मास्तरांना हसू आलं, आणि ते एवढं आलं, की आतून आप्पांच्या घरची मंडळी बघायला बाहेर आली.

पुढल्या वर्षी चैत्र संपता संपता एका सकाळी हौसा अंगणात येऊन उभी राहिली. तिच्या मागे आणखी दोन वाड्यांच्या बाया होत्या. त्यांतली एक लांज्याच्या वाटेवरून चार कोस चालून आली होती.

"मास्तर," हौसा म्हणाली, "विहिरी खाली गेल्या. मास्तर कदी टाकताव?"

गोदूबाईंनी आतून कोट आणून दिला. मास्तरांनी तो घातला, कोटच म्हणत घातला, आणि त्या तिघींच्या पुढे चालू लागले.